पाठीवरचा बिंडा, पाठीवरची विंग

बेलापूरपासून ऐरोलीपर्यंतच्या खाडीकाठच्या गावांत माझ्या पिढीला पोहायला शिकवलं ते गावच्या तळ्यानं. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली, वाशीचा खाडीपूल 1973 साली सुरू झाला, तरी गावठाणात बरीच वर्षं जुनंच आयुष्य चालू होतं: भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर तळं. पोराला पाण्यात उतरवायचं तर आधी त्याच्या पाठीला काहीतरी तरंगणारं बांधायचं, ही रीत. वाळलेल्या पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा सगळ्यांत चांगला, कारण ते लाकूड फार हलकं. तो नसेल तर सुका भोपळा, नाहीतर झाकण झाळून बंद केलेला तेलाचा डबा. ज्याच्या घरी कुणी ट्रकवर असेल त्याला ट्यूब.

बांधायला काथ्याची दोरी असायची. तिचे वळ छातीवर उठायचे आणि रात्री अंथरुणावर पडलं की चुरचुरायचे. पण बांधणाऱ्या काका-मामांना काय बांधायचं यापेक्षा कुठं बांधायचं याची जास्त काळजी. बिंडा फार खाली, कमरेखाली गेला की ढुंगण वर येऊन तोंड पाण्यात जातं. फार वर, मानेजवळ बांधला की पाय बुडतात आणि पोर उभ्या उभ्या नुसतं पाणी कापत राहतं. पाठीच्या मध्याला, कमरेच्या किंचित वर बिंडा बसला की अंग आपोआप आडवं होतं. दोरी आवळली की काका म्हणायचे, "श्वास घे बघू मोठा." छाती पुरती फुगली तरच गाठ पक्की करायची.

आणि मग दर थोड्या दिवसांनी तो बिंडा लहान व्हायचा. दोन डबे बांधलेल्या पोराचा एक काढायचे. भोपळा मोठा असेल तर लहान बांधायचे. आम्ही रडायचो, हातापाया पडायचो, पण ते ऐकत नसत. शेवटी एक दिवस नुसती दोरीच बांधून पाण्यात सोडायचे, आणि पोर पोहत असायचं.

पोहणं जमलं की पुढची इयत्ता खाडीत. आमच्याकडे खाडीतून रेती काढायचा धंदा होता. बेलापूरचं रेतीबंदर, पलीकडे पारसिकचं रेतीबंदर ही नावं त्याच धंद्याची. सक्शन पंप येण्याआधी रेती निघायची ती हातपाटीनं आणि डुबीनं. होडी नांगरायची, लांब बांबू खाडीच्या तळात रोवायचा आणि त्या बांबूला धरून माणूस खाली जायचा. हातात लोखंडी बादली. तळाशी बादली रेतीत रेटून भरायची, दोरीला हिसका द्यायचा, की वरचे दोघं बादली ओढून घेत. डुबीवाला बांबू धरूनच वर यायचा, चार श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. पाणी वीस-पंचवीस फूट. पुढं वरची रेती संपत गेली तसं त्याहून खोल. ओहोट, भरती, उधाण, भांग बघून वेळ ठरायची, कारण ओढ असलेल्या पाण्यात बांबूही टिकत नाही. गढूळ खाडीत डोळे उघडून उपयोग नसायचा. सगळं काम हाताच्या स्पर्शावर.

या माणसांच्या अंगावर काय असायचं? एक लंगोट किंवा अर्धी चड्डी. कमरेला शिसं नाही, पाठीला हवा नाही, डोळ्यांवर काच नाही. तरंगायला आणि बुडायला लागणारं सगळं साधन म्हणजे छातीतला श्वास आणि हातातला बांबू. माझे एक काका डुबी मारायचे. त्यांच्याशी बोलताना घरातल्या सगळ्यांना आवाज चढवावा लागे. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. सात मीटरवर कानाच्या पडद्यावर जमिनीवरच्या पावणेदोन पट दाब येतो, आणि दिवसभरात तो असंख्य वेळा चढतो-उतरतो. नाक दाबून कान मोकळा करायची युक्ती काहींना अनुभवानं सापडली होती, काहींना नाही. ज्यांना नाही त्यांचे पडदे फाटले. वाशी-नेरूळच्या इमारती मजल्यांवर मजले चढत होत्या तेव्हा खाडीतली रेती अशी या माणसांच्या श्वासावर वर येत होती.

त्याच काळात जगात दुसरीकडे पाण्याखालच्या माणसासाठी केवढी साधनं घडत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 साली श्वास घेईल तशी हवा देणारा रेग्युलेटर तयार केला आणि माणूस पाण्याखाली मोकळा हिंडू लागला. सुरुवातीच्या त्या डायव्हरच्या पाठीला सिलिंडर बांधणारे नुसते पट्टे असत. तरंगणं सांभाळायला हवेची पिशवी नव्हतीच. 1960च्या दशकात फ्रान्समधला फेन्झी आला: गळ्यात घालायचा, फुगवता येणारा पट्टा. पाण्यावर माणूस बेशुद्ध झाला तरी तोंड वर राहायचं, पण पाण्याखाली हवा गळ्याशी गोळा झाली की पाय खाली लोंबायचे. काका मानेजवळ बिंडा का बांधू देत नसत, त्याचंच हे उत्तर. 1970च्या दशकात अमेरिकेत अंगात घालायचं जॅकेट आलं. खांद्यावरून, काखेतून, पोटाभोवती हवा भरणारं हे जॅकेट म्हणजेच आज सगळे ज्याला बीसीडी म्हणतात ते. फ्लोरिडातल्या पाण्यानं भरलेल्या गुहांत जाणाऱ्या डायव्हरांनी मात्र जॅकेट उतरवलं. त्यांनी पाठीला धातूची सपाट पट्टी लावली, तिच्यातून दोन इंच रुंदीचा एकच अखंड पट्टा ओवला आणि हवेची पिशवी पाठ आणि सिलिंडर यांच्यामध्ये ठेवली. ही बॅकप्लेट आणि विंग.

आज पनवेलला रात्रीची कोकण रेल्वे पकडली की सकाळी कुडाळ, तिथून तासाभरात मालवण-तारकर्ली. पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे. खाडीच्या काळ्या पाण्यात वाढलेल्या माणसानं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पहिल्यांदा डोळे उघडले की त्याला रडू येतं, हे मी स्वतःवरून सांगतो. दगडाला चिकटलेली प्रवाळं, त्यांच्यात फिरणारे रंगीत मासे, आणि आपण त्यांच्यामध्ये श्वास घेत थांबलेले. पहिल्या वेळी भाड्याचं जॅकेट असतं आणि ते ठीकच आहे. पाण्यावर ते माणसाला उभं, सरळ आणि निर्धास्त ठेवतं. नवख्याला एवढं हवंच.

पण स्वतःचं घ्यायची वेळ येते तेव्हा मात्र नवी मुंबईतल्या डायव्हरांच्या गप्पांत तासन्‌तास वाद रंगतात. किती खिसे, किती लिफ्ट (म्हणजे किती किलो उचलणार), कुठली कंपनी. मला त्या वादात तळ्याकाठचे काका आठवतात, कारण त्यांचे प्रश्न आजही पुरेसे आहेत: हवा अंगावर कुठं बसते, छाती मोकळी राहते का, आणि लागते त्याहून जास्त बांधलंय का?

पहिला प्रश्न हवेच्या जागेचा. जॅकेटमध्ये हवा बरगड्यांभोवतीही जाते. पूर्ण फुगवलं की छाती आवळते. विंगमध्ये ती फक्त पाठीवर राहते, अगदी जिथं आमचा बिंडा असायचा तिथं, म्हणून अंग आडवं राहतं आणि प्रवाळांना पाय लागत नाहीत. पाण्यावर मात्र विंग जास्त फुगवली तर ती माणसाला पुढं कलंडवते. थोडी हवा कमी ठेवून मागं रेलायची सवय करावी लागते. दुसरा प्रश्न छातीचा, म्हणजे पट्ट्यांचा. खांद्याचे पट्टे इतके सैल हवेत की अंगठा सहज आत जाईल. दोन पायांमधून येणारा पट्टा लावलाच पाहिजे. तो नसला की हवा भरताच सगळा भार डोक्याकडे सरकतो. कमरेची कडी एका हातानं, डोळे मिटून सुटली पाहिजे. दुकानातच डोळे मिटून ती सोडून बघावी.

तिसरा, जास्त बांधलंय का, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मालवणच्या कोमट पाण्यात तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट पुरतो, आणि त्याचं तरंगणं दोन किलोच्या आसपास. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे 11 लिटरचा. 200 बारला भरला की त्यातल्या हवेचंच वजन अडीच किलोपेक्षा थोडं जास्त भरतं. म्हणजे पाण्याखाली पिशवीला सांभाळायचे ते हे चार-पाच किलो, आणि पाण्यावर आल्यावर सामानाचा भार तोलायला थोडं अधिक. एका सिलिंडरसाठी 12 ते 15 किलो उचलणारी विंग भरपूर झाली. मोठी पिशवी म्हणजे पाण्याला जास्त अडथळा, आणि वर येताना आतली हवा फुगत जाऊन माणूस नको तितक्या वेगानं वर फेकला जाण्याचा धोका. स्टीलची बॅकप्लेट अडीच-तीन किलोची असते, तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं. ॲल्युमिनियमची किलोभराची, विमानानं हिंडणाऱ्यानं ती घ्यावी.

शिसं मात्र प्रत्येकानं स्वतः पाण्यात तोलून ठरवावं. पिशवी रिकामी, श्वास नेहमीसारखा घेऊन धरलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत. श्वास सोडला की हळूच बुडायला हवं. ही परीक्षा सिलिंडरमध्ये 50 बार उरले असताना घ्यायची, कारण रिकामा होत गेलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर स्वतःच तरंगू लागतो आणि वर येताना घ्यायच्या शेवटच्या थांब्यावर तोच दगा देतो. तरणतलावात जमलेलं वजन समुद्रात पुरत नाही. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड, म्हणून सामानासह शंभर किलोच्या माणसाला अडीच किलो जास्त लागतात. नवख्याला शिक्षक मुद्दाम थोडं जास्त शिसं देतात. मग श्वास संथ झाला, हातांची धडपड थांबली की दर खेपेला एकेक किलो काढतात. आमच्या तळ्यात डबे काढायचे, इथं शिसं काढतात. तेव्हा बुडण्याची भीती जाण्यासाठी, आता तरंगण्याची धडपड जाण्यासाठी. दोन्हीकडे शिकायचं ते एकच: अंग श्वासावर तोलायचं.

श्वास रोखून भाल्यानं मासे मारणाऱ्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या पाठीला पिशवी नसते, असतो तो कमरेचा रबरी पट्टा आणि पाण्यावर दोरीनं बांधलेला, निशाण लावलेला बोया. शहाणा भालेवाला शिसं असं ठेवतो की दहा मीटरवर अंग ना वर जातं ना खाली. म्हणजे वर येताना शेवटच्या काही मीटरांत, जिथं शुद्ध हरपण्याचा धोका सर्वांत मोठा, तिथं पाणीच त्याला वर ढकलतं. आणि तो पट्टा एका झटक्यात सुटणारा असतो. आपल्या खाडीत दिसतच नव्हतं, म्हणून भाला कधी आला नाही. निवटी आणि चिंबोरी हातानं किंवा आकडीनं धरली जायची. पण आमचे डुबीवाले याच जातीचे पाणबुडे होते. मालवणला भाला घेऊन जाण्याचा विचार करणाऱ्या तरुणांना मी कळकळीनं सांगतो, तिथला समुद्र 1987पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं जाऊन बघावं, मारू नये. किल्ल्याच्या खडकांत राहणारा गोब्रा हळू वाढतो आणि एकाच जागी राहतो. तो एकदा संपला की ती जागा रिकामीच राहते.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. दोरीचे वळ, फुटलेले कान, गढूळ पाण्यात अडकलेला पाय, हे आठवण म्हणून गोड होत नाही. आजच्या मुलांच्या पाठीला सुटणारी कडी आहे, दाब सांगणारं घड्याळ आहे, शेजारी जोडीदार आहे, हे पाहून मला मनापासून बरं वाटतं. खंत एवढीच की ही साधनं जगात होती त्याच वर्षांत आमच्या रेतीबंदरावरची माणसं उघड्या अंगानं खाली जात होती, आणि एक साधा मास्क, कान कसा मोकळा करावा हे सांगणारं एक माणूस, एवढंही त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही.

आता धंदा गेला, सक्शन पंपांनी खाडीचा काठ पोखरला, बांधकामाला दगडाची क्रश सँड आली. डुबीवाल्यांची नातवंडं कॉल सेंटरात, रिक्षावर, बंदरात कामाला आहेत. त्यांच्या रक्तात श्वास धरायची ताकद आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण दिवाळे-सारसोळ्यासारख्या गावांत पाण्याची ओळख आहे, भरती-ओहोटीचं गणित आहे, आणि पोहणारी पोरं आहेत. या शहराच्या तरणतलावांत त्यांना डायव्हिंगचं रीतसर शिक्षण मिळावं, चांगले पट्टे, चांगली विंग, नीट तोललेलं शिसं घेऊन ती पाण्यात उतरावीत. बुडालेल्याला शोधायला अग्निशमन दलाला पाणबुडे लागतात, पुलांचे पाण्याखालचे खांब तपासायला लागतात, मालवणला प्रवाळ मोजायला लागतात. हे काम या पोरांचं आहे. त्यांच्या आजोबांनी हे शहर बांधायला श्वास दिला. त्या घरातल्या पोराला पाण्यात पाठवताना शहरानं त्याच्या पाठीला नीट काहीतरी बांधून द्यावं, आणि गाठ मारण्याआधी त्याला विचारावं, श्वास मोठा घेता येतोय ना.