गिरणगाव : भोंगा थांबला त्यानंतर

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कोणत्याही वाडीत जा, "मी मुंबईला गिरणीत होतो," असे सांगणारा एखादा म्हातारा पारावर भेटतोच. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, त्यांच्यापैकीच एक. घरासाठी केलेल्या अर्जाची चौकशी करायला त्यांना मुंबईस जायचे होते. सोबत म्हणून मी निघालो आणि त्या निमित्ताने गिरणगाव पाहून आलो.

पहाटे परळच्या एस.टी. स्थानकावर उतरलो. तेथून लालबागपर्यंत चालत गेलो. रस्त्यात तात्या मध्येच थांबले. "हितं पाळीच्या वक्ताला भोंगा व्हायचा. घड्याळ कुणाच्या मनगटाला व्हतं? भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं." आता भोंगा नाही. मोटारींचे कर्णे मात्र अखंड चालू आहेत.

कापूस आपला, हातही आपलेच

कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागात चिमण्यांचे रानच उभे राहिले. खानदेश-वऱ्हाडच्या शेतातला कापूस येथे यायचा आणि कोकण-घाटावरच्या शेतकऱ्यांची मुले तो विणायची. रविवारची सुट्टी आपण आज सहज घेतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून ती १८९० साली मिळवली.

एका खोलीत गावाकडची दहा-पंधरा माणसे राहायची. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी पथारी टाकायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बाया पहाटेपासून चुलीपुढे असत. गावी पेरणीला बियाणे, बहिणीच्या लग्नाला कर्ज, म्हातारीच्या औषधाला पैसे, सारे मनिऑर्डरने जाई. आमच्या विहिरीचे निम्मे बांधकाम तात्यांच्या पगारातून झाले. गिरणगाव म्हणजे आपल्या गावांचीच मुंबईतली एक वाडी होती, असे म्हटले तरी चालेल.

संप आणि वाटणी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगारवाढीच्या, बोनसच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. तात्या सात वर्षे बदलीच होते. रोज दारात उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. काम भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. एक लाखाहून अधिक लोकांची रोजी गेली. किती तरी जण गावी परतले आणि आधीच अपुऱ्या असलेल्या जमिनीवर आणखी तोंडे वाढली. तात्याही त्यांतलेच. "गावानं मला घेतलं," ते म्हणाले, "पण ताटातलं वाटून घेतलं."

गिरण्या थंडावल्या, पण त्यांच्याखालची जमीन सोन्याची झाली. ती सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या नियमात वाटणी ठरली होती : एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि इमारतींखालची जमीन सोडून फक्त रिकाम्या जागेची वाटणी करायचे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. भाऊबंदकीत घराखालची आणि गोठ्याखालची जमीन वगळून उरलेल्या बांधाचे तीन वाटे केले, तर धाकट्याच्या हाती काय येईल? तसेच येथे झाले.

करी रोडचा पूल ओलांडून आम्ही लोअर परळकडे वळलो. फिनिक्स मिलच्या जागी भला मोठा मॉल आहे. तात्यांच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे. दारावरच्या तरुण रखवालदाराने विचारले, "बाबा, कोणाकडे जायचंय?" तात्या म्हणाले, "कुणाकडं न्हाई. माझा साचा कुठं व्हता ते बघत व्हतो." पोराने काही न बोलता त्यांना खुर्ची दिली.

सगळेच गेले असे मात्र नाही. लालबागला चिवडा गल्ली आहे, मसाल्याचा खमंग वास आहे, १९३४ पासूनचा गणपती आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांत संसार झाले. वरळीत त्यांतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

गिरणी कामगारांच्या घरांची सोडतही २०१२ पासून निघते. पण घरे थोडी, अर्जदार फार. कार्यालयात तात्यांनी पत्र्याची पेटी उघडली. हजेरीपास, विम्याचे कार्ड, फंडाची पावती, सारे कापडात गुंडाळलेले. कारकुनाने कागद पाहिले आणि म्हटले, "कागद पक्के आहेत. नंबर लागेपर्यंत थांबा."

वाचकहो, तुमच्या घरातही अशी पेटी माळ्यावर असेल. ती खाली काढा, वाळवी लागू देऊ नका, वारसांची नावे रीतसर लावून घ्या. घर मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती मूळ कागद कधीही देऊ नका.

परतीच्या गाडीत तात्या पेटी मांडीवर घेऊनच झोपले.