खुब्यातली धूळ

माझा डावा खुबा बदलून चौदा वर्षे झाली. पहिली काही वर्षे मी नेमाने एक्स-रे काढून घेत असे. पुढे, दुखत काहीच नाही, मग मुलाची रजा कशाला मोडायची, असे म्हणून मी तपासणी टाळत गेले. अलीकडे जिना चढताना जांघेत कळ आली, आणि एक्स-रेत दिसले की वाटीमागचे हाड पोखरले गेले आहे.

दुखत नसताना हाड जाते कसे, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारले. कृत्रिम सांध्यात बहुधा धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा पॉलिएथिलीनच्या वाटीत फिरतो. पावलागणिक वाटीचे कण सुटतात. त्यांतले पुष्कळसे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. शरीरातील भक्षक पेशी ते जंतूंप्रमाणे गिळतात; पण हे प्लास्टिक त्यांना पचत नाही. मग त्या दाहकारक रसायने सोडत राहतात आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. ना ताप, ना जंतुसंसर्ग. तरी सांधा सैल होतो.

इंग्लंडचे सर्जन जॉन चार्न्ली यांना हे फार आधी भोवले होते. त्यांनी बसवलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या भराभर झिजल्या, भोवती दाह माजला. तेव्हा या गृहस्थांनी टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. तिथेही गाठी धरल्या! १९६२ पासून ते पॉलिएथिलीनकडे वळले. आजचे सुधारित पॉलिएथिलीन त्याहून पुष्कळच कमी झिजते.

धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांची गोष्ट निराळी. त्यांतून सुटलेले कोबाल्ट व क्रोमियम रक्तातही उतरतात. कोबाल्ट वाढले तर सांध्याभोवतीच्या पेशी मरतात, गाठी होतात. क्वचित श्रवण, दृष्टी आणि हृदयही बिघडते. अशा एका बनावटीचे खुबे २०१० मध्ये जगभरातून परत मागवले गेले. भारतातही ते बसवलेले रुग्ण होते. आपल्या घरी कुणाचा तसा खुबा असल्यास रक्तातील या धातूंची पातळी तपासता येते.

माझी दुसरी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या वेळचे कार्ड सापडेना. अखेर जुन्या पासबुकांच्या पिशवीत मिळाले. त्यावरील बनावट व क्रमांक पाहून कोणता भाग ठेवायचा, कोणता बदलायचा, याची तयारी डॉक्टरांना आधीच करता आली. आपल्या घरचे कार्ड कुठे आहे, ते आजच पाहून ठेवावे.