सोनेरी पाहुणा

दिवाणखान्यातील काचेच्या भांड्याचा कंटाळा आला, म्हणजे सज्जन कुटुंबात एक उदार विचार उद्भवतो: बिचारा सोनेरी मासा तळ्यात सोडून द्यावा! आमच्या पनवेलीत तळ्यांना तोटा नाही. वडाळे आहे, कृष्णाळे आहे, विश्राळे आहे. भूतदया घडते आणि पाणी बदलण्याची कटकटही मिटते. एका शेजारी गृहस्थांनी आमचा अभिप्राय विचारला, तेव्हा त्यांच्या या दयेस आम्हांला आडवे यावे लागले.

हा मासा मूळचा चीनचा. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी तेथील करड्या माशांत क्वचित एखादा पिवळसर निपजे. तसे मासे वेचून जपता जपता ही जात सिद्ध झाली. कुळाने तो रोहू-कटल्यांचा भाऊबंद. रोहू तरी कोठे कोकणचा? तोही उत्तरेकडील नद्यांतून आणलेला पाहुणा. परंतु त्यास विणीसाठी पावसाळी नदीचे वाहते पाणी लागते. साचल्या तळ्यात तो वाढतो, पण सहसा वीत नाही. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ग्रंथीरस टोचून अशा माशांची वीण घडविली, तो मोठा पराक्रम गणला गेला.

सोनेरी माशास नदी नको, टोचणीही नको. ऋतू आला, की नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे कण उमटतात आणि तो मादीचा पाठलाग करू लागतो. शेकड्यांनी चिकट अंडी पाणवनस्पतींना बिलगतात; उबदार पाण्यात थोड्याच दिवसांत पिले बाहेर पडतात. आईबाप स्वतःच पुष्कळ अंडी फस्त करतात, तरी वंश उरतोच. पिले आरंभी करडीच असतात. पुढे सोनेरी झालेली बगळ्याच्या दृष्टीस आधी पडतात. म्हणून मोकळ्या पाण्यात काही पिढ्यांत सोने झडते. मागे राहतो तो मातकट, काटक मासा: तळाचा चिखल ढवळणारा, वनस्पती उपटणारा, इतरांच्या अंड्यांवर ताव मारणारा. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिका येथील कित्येक जलाशयांना हा अनुभव आलेला आहे.

वीत नाही तो पाहुणा पाहुणाच राहतो. विणारा पाहुणा घरधनी होऊन बसतो, आणि त्यास निरोप देणे मग कोणाच्याच हाती राहत नाही. ज्यांस मासा नकोसा झाला असेल, त्यांनी तो दुसऱ्या हौशी माणसाच्या स्वाधीन करावा. ज्यांस तो आणावयाचा असेल, त्यांनी इतकेच ध्यानात ठेवावे, की नीट सांभाळल्यास हा जीव दहा-वीस वर्षे सहज जगतो. मुलाचा हट्ट मात्र इतका दीर्घायुषी नसतो.