गनी

आषाढीसाठी नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी पायी पंढरपूरला निघते. थोडी वाट मीही दिंडीसोबत चालतो. ‘सर, तुम्ही इकडे कसे?’ हा प्रश्न दोन्हीकडून येतो. मशिदीत जरा हळू आवाजात.

एकदा चहाला थांबलो असताना एका माळकरी बाबांना सांगितलं, गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. तिलंग रागातल्या पदात करीम, रहीम, गनी असे शब्द येतात.

‘गनी म्हंजे?’

‘ज्याला कुणाकडून काहीच लागत नाही असा. अल्लाहचं नाव आहे.’

बाबांनी शब्द तोंडात घोळवला. ‘मंग आमचा इठोबा गनी नाही. त्याला नाम्याच्या हातचा नैवेद्य लागला की!’

उर्दूच्या तासाला हा शब्द आला की मी अजून तिथंच अडखळतो.