जागच्या जागी फिरणारी चाके

मराठीच्या प्राध्यापकाला लोक कोणता प्रश्न विचारतील, याचा काही नेम नसतो. लग्नपत्रिकेचे मुद्रित घेऊन भल्या सकाळी दार ठोठावणारे शेजारी मला आहेत. नातीच्या बारशासाठी ‘जोडाक्षर नसलेले, पण अर्थाने भारदस्त’ असे नाव मागणारे सहकारी आहेत. वाढदिवसाला चार ओळी जुळवून द्या म्हणणाऱ्यांची तर गणतीच नाही. या सर्वांचे मी यथाशक्ती समाधान करतो. परंतु गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मेलबर्नहून माझ्या भाच्याने जो प्रश्न विचारला, तो कोणत्याच व्याकरणात बसणारा नव्हता.

“मामा, ऑटोमॅटिक गाडीनं बर्नआउट केलं तर गिअरबॉक्स जातो का?”

हा प्रश्न मलाच का, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. सौ.च्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिल्यावर आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती घेण्यापूर्वी मी चार महिने त्याच एका विषयाचे वाचन केले आणि घरीदारी सर्वांना त्यावर व्याख्याने दिली. ज्याने एकदा व्याख्यान दिले, त्याला पुढे शंका विचारल्या जाणारच! शिवाय भाच्याने हाच प्रश्न आपल्या वडिलांना विचारला असता, तर उत्तराऐवजी त्याला तासभर बोलणी ऐकावी लागली असती.

ज्यांना बर्नआउट ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाडी जागेवर रोखून धरायची, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि इंजिनाला जोडलेली चाके जागच्या जागी गरगरा फिरवायची. रबर घासून तापते, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि रस्त्यावर काळे पट्टे उमटतात. हा उद्योग मुळात केवळ तमाशा म्हणून सुरू झालेला नाही. अमेरिकेत सरळ रेषेत पाव मैल गाडी पळवण्याच्या शर्यती होतात. त्यांची नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. तिथे शर्यतीपूर्वी टायर ओल्या जागेवर फिरवून तापवतात, कारण तापलेले, स्वच्छ रबर जमिनीला अधिक घट्ट धरते. म्हणजे तिथे धुरामागे हेतू आहे. ऑस्ट्रेलियात मात्र धूर हाच हेतू झाला. कॅनबेरा येथे १९८८ सालापासून ‘समरनॅट्स’ नावाची मोठी जत्रा भरते. तिथे टायर फुटेपर्यंत चाके फिरवायची चढाओढ लागते आणि हजारो माणसे पैसे देऊन ती पाहायला येतात.

भाच्याची गाडी म्हणजे जुनी, तिसऱ्या की चौथ्या हातातली होल्डन कमोडोर. तिचे ऑस्ट्रेलियातले उत्पादन २०१७ साली थांबले. मागच्या चाकांना जोर देणारी ही गाडी अशा खेळाला फार सोयीची, असे त्याच्या खोलीतल्या मित्राने त्याच्या मनावर ठसवलेले. आता या गाडीची दुसरी बाजूही पाहा. ताईने मुलाच्या शिक्षणासाठी राहती जागा गहाण टाकली आहे. तो रात्री एका गोदामात काम करतो आणि तिथून पहाटे परतायला ही गाडी सोडून दुसरे साधन नाही. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स नव्याने बांधायचा, तर खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीच्या घरात जातो. तेव्हा प्रश्न पोरकट असला, तरी त्याच्या उत्तरावर एका घराची बरीच गणिते टेकलेली होती.

ताईला हे कसे कळले, कोण जाणे. बहिणींना सारे कळते. तिचा लगेच फोन आला. “तू त्याला सांग, एकदा जरी केलंस तरी गिअरबॉक्सचे तुकडे होतील. तुझं तो ऐकतो.”

“पण ताई, ते खरं नाही.”

“खरं नसू दे. तू सांग तर खरा!”

इथे माझी पंचाईत झाली, कारण ते खरोखरच खरे नव्हते.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हेर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअराने १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. त्याचे काम समजून घ्यायला आपल्या आजीचे ताकाचे भांडे पुरेसे आहे. रवी जोरात फिरवली आणि भांडे सैल सोडले, की ताकाच्या ओघाने भांडेही फिरू लागते. रवी भांड्याला कुठेच टेकलेली नसते. मधल्या ताकानेच जोर पोचवलेला असतो. इंजिन म्हणजे रवी आणि चाकांकडची बाजू म्हणजे भांडे. आता भांडे घट्ट धरून ठेवा आणि रवी फिरवत राहा. सारी मेहनत ताकातच जिरेल. ताकाचे एक वेळ ठीक आहे. गाडीत मात्र त्या मेहनतीची उष्णता होते.

या उष्णतेचा ढोबळ हिशेब मी भाच्यासाठी मांडला. ब्रेक पुरता दाबून, चाके अजिबात फिरू न देता असे मोठे इंजिन जोरात चालवले, तर पन्नास किलोवॅटच्या आसपास शक्ती तेलात जिरते. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे पंचवीस गीझर एकदम सुरू झाले आणि त्यांना तापवायला मिळाले अवघे आठ-नऊ लिटर तेल. दर सेकंदाला तीन-चार अंशांनी ते तापत जाईल. एरवी हे तेल ऐंशी-नव्वद अंशांवर सुखाने नांदते. एकशेवीसच्या पुढे गेले, की भराभर म्हातारे होऊ लागते. दर दहा अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते, असा एक जुना ठोकताळा आहे. तेल म्हातारे झाले, की रबरी सील कडक होतात, आतल्या क्लचच्या चकत्या घसरू लागतात आणि घसरल्यामुळे आणखी तापतात.

पण गंमत अशी की बर्नआउटमध्ये चाके फिरत असतात! भांडे सुटलेले असते. त्यामुळे बरीचशी शक्ती तेलात न जिरता टायरमध्ये जिरते आणि धूर होऊन जाते. म्हणूनच, चांगल्या स्थितीतल्या ऑटोमॅटिक गाडीने ओल्या रस्त्यावर पाच-सात सेकंद चाके फिरवली, तर गिअरबॉक्सचे बहुधा काही बिघडत नाही. शर्यतीतले कित्येक लोक तर मुद्दाम ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतात. शेव्हरोलेने १९५० साली आणलेला दोनच गिअरांचा ‘पॉवरग्लाइड’ त्यांना आजही प्रिय आहे. ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, ही समजूत खरी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्टुअर्ट रणगाड्यांतही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होते.

मग मोडते कोण? ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, ते. फिरणारे चाक कोरड्या जागेवर अचानक रुतले, म्हणजे सगळा झटका गिअर, दांडे आणि मागचा डिफरन्शियल यांच्यावर येतो. एकच चाक फिरत राहिले, तर डिफरन्शियलमधले छोटे दाते होरपळतात. साध्या गाडीत पुढची चाके रोखायला पाय ब्रेकवर ठेवावा लागतो. त्याने मागचे ब्रेकही अर्धवट दाबलेले राहतात आणि जळतात. शर्यतीच्या गाडीत फक्त पुढचे ब्रेक धरणारी वेगळी झडप बसवलेली असते. गाडी जागेवर असल्याने रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही. आणि सर्वांत घातक म्हणजे न्यूट्रलमध्ये इंजिन ओरडवून एकदम गिअर टाकणे. तो घाव आतल्या चकत्यांवर बसतो आणि एकाच घावात गिअरबॉक्स जाऊ शकतो.

हे सारे बोलण्यापूर्वी मी आमच्या गॅरेजमधल्या मेस्त्रींकडे जाऊन आलो. त्यांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एकीत नवे तेल होते, डाळिंबाच्या रसासारखे लाल. (एके काळी अमेरिकेत या तेलात देवमाशाचे तेल मिसळत, १९७०नंतर देवमाशाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला.) दुसऱ्या बाटलीत एका बंद पडलेल्या गाडीतून काढलेले तेल होते, काढ्यासारखे काळपट. त्याला फोडणी करपल्याचा वास येत होता. मेस्त्री म्हणाले, “सर, गिरायीक म्हणतं, काल अचानक बिघडली. अचानक काय नसतं. गाडी लय दिवस सोसते. सोसते तवर कुनी बघत नाही.”

वाचकहो, हे वाक्य ऐकून मला ताई आठवली. भावजी आणि भाचा यांच्यामध्ये इतकी वर्षे तीच आहे. एकाचा जोर दुसऱ्याला थेट लागू नये, म्हणून मधल्या मध्ये फिरत राहायचे, तापायचे आणि बाहेर आवाज येऊ द्यायचा नाही. तिने मला खोटे बोलायला सांगितले, तेही या सोसण्यातूनच. तिच्यावर रागावणे मला शक्य नव्हते. पण तिचे ऐकणेही शक्य नव्हते. समजा, मी सांगितले की एका बर्नआउटने तुकडे होतील. चोवीस वर्षांचा मुलगा कधी तरी करून पाहणारच. तुकडे होणार नाहीत, हे मला ठाऊक होते. मग त्या दिवशी मोडला असता तो माझा शब्द. पुढे कधी मी त्याला म्हणालो असतो, या कागदावर सही करू नकोस, या माणसाला पैसे देऊ नकोस, तर त्याने मनात म्हटले असते, मामा असेच घाबरवतात.

म्हणून मी त्याला खरे तेच सांगितले. पाच सेकंदांनी बहुधा काही होणार नाही. पुन्हापुन्हा केलेस तर आतले तेल करपेल. ते तुला दिसणार नाही आणि एके पहाटे गोदामातून निघताना गाडी हलणार नाही. आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडे रस्त्यावर हे करणाऱ्याला ‘हून’ म्हणतात. आपल्याकडे ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय आहे, पुण्याहून, घराहून, अर्थ वियोगाचा. व्हिक्टोरिया राज्यात २००६ सालापासून पोलीस अशा माणसाचा त्याच्या गाडीशी वियोग घडवू शकतात. आता ती महिनाभर अडकून पडते आणि ती सोडवण्याचा खर्चही त्यालाच भरावा लागतो. शिवाय रस्त्याच्या कडेला कोणाची तरी ताई उभी असू शकते. गिअरबॉक्स पुन्हा बांधता येतो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, नाही म्हणून टाकलं असतंत तर सोपं झालं असतं.” मी म्हटले, “कुणाला?” त्यावर तो हसला.

जाता जाता आपल्यापुरते एक सांगतो. आपल्याकडच्या ऑटोमॅटिक गाड्यांतून धूर काढायला कोणी जात नाही. पण उड्डाणपुलाच्या चढावर, वाहतूक तुंबलेली असताना, ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे सद्गृहस्थ मी रोज पाहतो. २०१४ सालापासून आपल्याकडे स्वस्त झालेल्या एएमटी गाड्यांत तेलाचा डबा नसून साधा क्लचच असतो. फक्त तो यंत्राने दाबला जातो. चढावर असे तोलले, की तो घासत राहतो आणि जळतो. दोन क्लचवाल्या गाड्यांनाही हेच लागू. हेही बर्नआउटच, फक्त धूर दिसत नाही. ब्रेक लावावा, त्याला पैसे पडत नाहीत.

जानेवारीत भाचा मित्राबरोबर बसने कॅनबेराला गेला आणि तिकीट काढून, कठड्याअलीकडे उभा राहून त्याने तो धूर पोटभर पाहून घेतला. परत आल्यावर त्याने गिअरबॉक्सचे तेल बदलून घेतले आणि काढलेल्या तेलाचा फोटो मला पाठवला. रंग तपकिरी होता, काळा नव्हता. खाली लिहिले होते, “करपल्याचा वास नाही.”

कठड्यापलीकडचे त्याने स्वतः एकदा तरी केले की नाही, हे मला ठाऊक नाही. ताई दर रविवारी विचारते. मी तिला सांगतो, “त्यालाच विचार. तो खरं सांगेल.” तिने अजून विचारलेले नाही, पण हल्ली त्याचा फोन आला, की ती तो भावजींच्या हातात देते आणि आपण खुशाल आत जाऊन चहा टाकते.