ठोक्याला जागा

स्नेअर दमदार वाजायला हवा, तर सगळ्यात आधी ड्रम लावायला हवा. तबला न लावता बैठकीला बसणारा वादक आपण खपवून घेत नाही, पण ड्रमच्या बाबतीत ‘मिक्सिंगमध्ये बघू’ हे वाक्य स्टुडिओत सर्रास ऐकू येतं. चौदा इंची स्नेअरची वरची-खालची दोन्ही कातडी चावीने सगळीकडून सारखी ताणली आणि ड्रमरने काठी कडेवर अन् मध्यावर एकाच वेळी मारली, म्हणजे रिमशॉट दिला, की जो खणखणीत आवाज उठतो तो कुठल्याही प्लगइनमधून निघत नाही.

माईक म्हणून मी शुअरचा एसएम ५७ लावतो. १९६५ पासूनचा हा माईक स्नेअरवरून अजून हटलेला नाही. कडेपासून दोन बोटं वर, तोंड मध्याकडे, पाठ हाय-हॅटकडे. खालच्या कातड्याला लागून असलेल्या तारांची सरसर हवी असेल तर खालीही एक माईक लागतो. मात्र काठी पडताच वरचं कातडं वरच्या माईकपासून दूर जातं आणि खालचं खालच्या माईककडे येतं. म्हणून खालच्या माईकचा फेज उलटा करावाच लागतो, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि ठोका पोकळ होतो.

मग कॉम्प्रेसर. इथेच बहुतेक स्नेअर मरतात. ठोक्याची धार पहिल्या काही मिलिसेकंदांत असते. अटॅक, म्हणजे पकड बसायला लागणारा वेळ, एक मिलिसेकंदावर ठेवला तर ती धारच चेपली जाते. वीस-तीसवर नेला तर धार सुटून पुढे जाते आणि पकड मागच्या अंगावर बसते. रिलीजचं, म्हणजे पकड सुटण्याच्या वेळेचं, गणित लयीवरून करायचं. १२० च्या लयीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचे ठोके एकेका सेकंदाने येतात. तेवढ्यात कॉम्प्रेसरचा काटा परत जागेवर आला पाहिजे.

पण ठोक्याला खरा जोर येतो तो त्याच्या आजूबाजूला काय नाही यामुळे. १९७९ मध्ये पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमसाठी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेल्या माईकचा, कॉम्प्रेसरने करकचून दाबलेला आवाज ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगमने गेटमधून, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो तोडणाऱ्या यंत्रणेतून, काढला. खोलीची गाज उसळते आणि एकदम कापली जाते. त्या कापलेल्या शांततेमुळेच पुढचा ठोका अंगावर येतो. गॅब्रिएलने झांजा वाजवायच्याच नाहीत असं ठरवलं होतं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. झांजांच्या झणझणाटात ते गेट इतकं स्वच्छ बंद झालंच नसतं.

घरच्या घरी मिक्सिंग करणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं आहे: स्नेअर एकटा सोलो करून सजवू नका, गाण्यात ऐका. दोनशे हर्ट्झच्या आसपास त्याचं अंग असतं, आणि तिथेच गिटारी दाटीवाटीने बसलेल्या असतात. ठोका कमी वाटला तर त्याचा फेडर चढवण्याआधी गिटार दोन डेसिबल खाली आणा, आणि पुन्हा ऐका.