दवंडी कोणत्या भाषेत?

आमच्या सोलापूरकडच्या घरांत चार भाषा एकाच छपराखाली नांदतात. नमाज अरबीत. लग्नाची पत्रिका एका बाजूने उर्दूत, दुसऱ्या बाजूने मराठीत. बाजार, शाळा, कचेरी मराठीत. आणि चुलीजवळचे बोलणे ‘मुसलमानी’त. अभ्यासक तिला दखनी म्हणतात, आमच्या बायका मुसलमानीच म्हणतात. तिच्यात ‘नक्को’ आहे, ‘हौ’ आहे आणि मराठीतून उचललेले कितीतरी शब्द आहेत. या चौघींचे आपसांत भांडण झालेले मी पाहिलेले नाही. अडचण येते ती बाहेरून कोणी आम्हाला काही सांगायला, शिकवायला येतो तेव्हा. त्याला आधी ठरवावे लागते, की या लोकांशी कोणत्या भाषेत बोलायचे. आणि बहुतेक वेळा ते आम्हाला न विचारताच ठरते.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात तीन गोष्टी पोहोचल्या. पहिली, शाळेतून आलेला मराठी कागद. त्यात ‘लसीकरण’, ‘प्रतिबंध’, ‘संसर्गजन्य’, ‘पात्र लाभार्थी’ असे शब्द होते. दुसरी, चौकात लावलेला उर्दू फलक. सुरेख नस्तालीक अक्षरांतला. मोहल्ल्यातल्या बहुतेक बायका नगरपालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या, त्यांना तो वाचता येईना. तो घडाघडा वाचू शकले ते मशिदीचे इमामसाहेब. ते बिहारचे.

तिसरी गोष्ट मोबाइलवर आली. कोणा अनोळखी बाईच्या आवाजातली ध्वनिफीत होती. “भाभी, बच्चोंको वो सुई नक्को देव, आगे जाके औलाद नै होती कते.” एवढेच. अर्ध्या मिनिटाचे बोलणे, पण एका दुपारीत ते प्रत्येक घरात गेले. समजले नाही असे कोणी म्हणाले नाही. आवाज घरातला वाटत होता, ‘भाभी’ म्हणून हाक होती आणि काळजी लेकरांची होती. अफवा आमच्या बोलीत आली आणि खुलासा परक्या भाषेत, तोही चार दिवसांनी. माझ्या एका भावजयीने मुलाला दोन दिवस शाळेतच पाठवले नाही. ती अडाणी नाही, बारावी झालेली आहे. तिला घरच्यासारखे समजावून सांगणारे कोणी आधी भेटले नाही, इतकेच.

मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण सरकारच्या डोक्यात आहे आणि आपल्याही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उर्दू बोलणारे सगळेच्या सगळे मुसलमान धरले, तरी पन्नास लाखांहून अधिक मुसलमानांची मातृभाषा दुसरी काहीतरी नोंदलेली आहे. मालेगाव आणि भिवंडीत उर्दू फलकच हवा. तिथे उत्तरेतून आलेल्या विणकरांच्या वस्त्या आहेत, उर्दू शाळा आहेत, उर्दू वाचणाऱ्या पिढ्या आहेत. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमान घरात मात्र कोकणी बोलली जाते. मराठवाडा-सोलापुरात दखनीचे वेगवेगळे रंग आहेत आणि गावागावांतला मुलाणी, तांबोळी, पिंजारी तर शेजाऱ्यासारखीच मराठी बोलतो. इतक्या सगळ्यांसाठी एकच उर्दू फलक लावणे म्हणजे पत्ता न पाहता पत्र टाकण्यासारखे आहे.

मराठी कागद तरी सोपा असावा, तर तोही नाही. खरे तर दुखण्याखुपण्याची मराठी आणि आमची मुसलमानी यांत फार अंतर नाही. दवाखाना, जखम, इलाज, मलम, जुलाब, तब्येत हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीचे झाले. पंढरपूरची वारकरी आजीही ‘तब्येत बरी नाही’ म्हणते आणि माझी दादीही. अर्ज, हजर, तक्रार, मुदत हेही तसेच. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी आली, तरी लोकांनी हे शब्द सोडले नाहीत. सरकारी कागदाने मात्र बरेच सोडले. दवाखान्याचे रुग्णालय झाले, सुई टोचण्याचे लसीकरण झाले, वेगळे ठेवण्याचे विलगीकरण झाले. हे शब्द वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्या बाईला उद्या सकाळी लेकराला घेऊन केंद्रावर जायचे आहे, तिच्यासाठी ते नाहीत. आणि ही बाई फक्त मुसलमान नाही. ऊसतोडीच्या कोप्यावरची, पारधी वस्तीवरची बाईही त्या कागदापुढे आमच्या इतकीच परकी ठरते.

तरीही शब्द सोपे केले की काम झाले, असे नाही. माणूस बोलणाऱ्याची भाषा ऐकतो तशी त्याची नियतही जोखतो. नसबंदीची धास्ती आमच्या लोकांत कुठून आली, हे विचारायला हवे. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. ते सर्वच धर्मीयांसाठी होते, पण त्या काळातली पळापळ म्हाताऱ्यांच्या आठवणीत राहिली. २०१८ च्या ध्वनिफितीने त्या आठवणीवरच बोट ठेवले. मग आला २०२०. हात धुवा, अंतर ठेवा असे शिकवणाऱ्या वाहिन्याच संध्याकाळी तबलिगींच्या नावाने साऱ्या समाजाला रोग पसरवणारा ठरवत होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षी २१ ऑगस्टला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता नोंदवली. निकाल आला तोवर भाजीवाल्याला गल्लीतून हाकलून झाले होते. सकाळी शिव्या देणाऱ्याकडून संध्याकाळी आरोग्याचा सल्ला घ्यायला कोण बसेल?

यातून वाट निघते, हे उत्तर प्रदेशात दिसले आहे. पोलिओच्या काळात पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अनेक मुसलमान वस्त्या डोस नाकारत होत्या. तिथेही वंध्यत्वाचीच अफवा होती. युनिसेफने पुढे वस्तीतल्याच बायकांना संवादाच्या कामावर घेतले, इमाम आणि मदरशांना सोबत घेतले, अलीगढ आणि जामिया मिल्लिया या विद्यापीठांचीही मदत घेतली. लोक विचारत होते, की गटारे तुंबली आहेत, लेकरे जुलाबाने मरतात, त्यावर औषध नाही आणि हे थेंब मात्र दारात का? तो प्रश्न हळूहळू ऐकला गेला. स्वच्छता, जुलाबावरचा उपाय, इतर लसी यांची माहितीही त्याच बायका देऊ लागल्या. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांना हट्टी म्हटले जात होते तेच लोक ऐकू लागले, कारण आता त्यांचेही कोणी ऐकत होते.

आमच्या मोहल्ल्यातही शेवटी काम केले ते अंगणवाडीच्या बाईंनी. त्या मुसलमान नाहीत. पण वीस वर्षे आमच्या दारांतून येतात-जातात. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचे पोर अंगाला लागत नाही, सगळे त्यांना ठाऊक. पुरुष घरात असले तर त्या उंबऱ्यावर थांबतात, बायकाच असल्या तर थेट आत येऊन बसतात. त्यांनी भावजयीला कागद दाखवला नाही. मोडक्या मुसलमानीत म्हणाल्या, “मेरे नातूकू भी येच सुई दिये, देखो चलके.” आणि नातवाला दाखवलाही. दुसऱ्या दिवशी भावजय मुलाला घेऊन गेली. हा शिष्टाचार, कोणत्या घरात कुठे बसायचे आणि आधी काय विचारायचे, कोणत्याही फलकावर लिहिता येत नाही.

आता थोडे आपल्या घरातले. जुम्याचे बयान आमच्याकडे इतक्या भारदस्त उर्दूत होते, की पहिल्या ओळीतले बुजुर्गही अर्धे अंदाजाने ऐकतात. बायका तर मशिदीत नसतातच. त्यांना भोंग्यावरून जे तुटक ऐकू येईल तेच. मुसलमानी बोलायची आपल्याला लाज वाटते, ती गावंढळ वाटते. मराठीत धर्माचे बोलले तर काहींना ते परके वाटते. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठीत गळा मोकळा केला, १९९० साली सोलापुरातच मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. हे सगळे आपण भाषणात अभिमानाने सांगतो आणि मोहल्ल्यातली साधी सूचना मात्र कोणालाच नीट न कळणाऱ्या भाषेत देतो. सरकारला नावे ठेवताना हेही मोजायला हवे.

गेल्या वर्षी काही जणींनी मशिदीच्या कमिटीला विचारले, की दवाखान्याच्या, शिष्यवृत्तीच्या, रेशनच्या सूचना नमाजनंतर मुसलमानीत आणि मराठीत का देऊ नयेत? एका बुजुर्गांचा आक्षेप होता, की अल्लाहच्या घरात असली बोली शोभत नाही. इमामसाहेब मात्र म्हणाले, “मुझे लिखकर दे दीजिए, मैं पढ़ दूँगा, आप लोग मेरा लहजा ठीक कर देना.” त्यांना आमची बोली अजून नीट येत नाही, ‘नक्को’ म्हणताना ते स्वतःच हसतात. आक्षेप अजून मिटलेला नाही, पण सूचना सुरू झाल्या आहेत.

आरोग्य खात्याला आणि पालिकेला माझे एवढेच म्हणणे आहे. कागद छापायच्या आधी तो वस्तीतल्या चार बायकांना वाचून दाखवा. जो शब्द त्यांना अडेल तो बदला. उर्दू कुठे हवी, मराठी कुठे हवी, हे धर्माच्या रकान्यावरून ठरवू नका, तिथल्या अंगणवाडीच्या बाईंना विचारा. आणि साध्या, घरच्या बोलीतली आवाजाची फीत आधी पाठवा, कागद मागून आला तरी चालेल. पुढची अफवा कागदाची वाट पाहणार नाही.